मताधिकार आधी की जबाबदार सरकार आधी? युरोपातील उदारमतवादी राज्यांचा लोकशाहीकडचा प्रवास

एकोणिसाव्या शतकातील युरोपचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे : ‘फ्रेंच राज्यक्रांतीनंतर युरोपात उदारमतवाद रुजला आणि पुढे त्याचेच रूपांतर लोकशाहीत झाले, असे आमच्या पुस्तकात एका ओळीत सांगितले आहे. हे रूपांतर प्रत्यक्षात कसे झाले, आणि ते उदारमतवाद्यांनीच घडवून आणले का?’

आधुनिक युरोपचा इतिहास मी बरीच वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवत आलो आहे आणि पुस्तकातली ही ओळ उत्तरपत्रिकांतून मला सतत भेटत आली आहे. ती अर्धीच खरी आहे. उदारमतवाद्यांनी जे राज्य उभारले त्यात कायद्यापुढे समानता होती, छापण्या-बोलण्याचे बरेच स्वातंत्र्य होते, अंदाजपत्रकावर संसदेचा अंकुश होता. पण सर्वांना मत मात्र नव्हते, आणि ते नजरचुकीने राहून गेले होते असेही नाही. सामान्य माणसाला मतदानापासून दूर ठेवणे हा त्या राज्यरचनेचा विचारपूर्वक केलेला भाग होता. म्हणून प्रश्न असा मांडायला हवा की, हे दार कोणी, केव्हा आणि कशासाठी उघडले, आणि ते उघडले तेव्हा आत काय काय आधीच उभे होते. माझ्या मते या दुसऱ्या गोष्टीवर, म्हणजे घटनांच्या क्रमावर, प्रत्येक देशाचे पुढचे भवितव्य फार मोठ्या प्रमाणात अवलंबून राहिले.

सुरुवात फ्रान्सपासून करू. १७८९ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा काढणाऱ्या सभेनेच १७९१ च्या राज्यघटनेत ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ असे नागरिकांचे दोन वर्ग केले. तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर भरणारा पुरुष सक्रिय, बाकीचे निष्क्रिय. नेपोलियनच्या पाडावानंतर आलेल्या १८१४ च्या सनदेने ही अट कितीतरी कडक केली : वय तीस आणि वर्षाला ३०० फ्रँक प्रत्यक्ष कर. सुमारे तीन कोटींच्या देशात मतदार उरले लाखभर. १८३० च्या जुलै क्रांतीने घराणे बदलले, करमर्यादा २०० फ्रँकांवर आली, तरीही १८४६ पर्यंत मतदारांची संख्या अडीच लाखांच्या आतच होती. या व्यवस्थेचे समर्थक ढोंगी होते असे समजण्याचे कारण नाही. उदारमतवादी विचारवंत बेंजामिन कॉन्स्टंट यांचे म्हणणे असे की, राजकीय निर्णयाला वाचन, विचार आणि फुरसत लागते, आणि फुरसत मालमत्तेशिवाय मिळत नाही. जुलै क्रांतीनंतरच्या राजवटीतील मंत्री आणि इतिहासकार गिझो यांच्या दृष्टीने मत हा जन्मसिद्ध हक्क नव्हता. ते पात्र माणसाने पार पाडायचे काम होते, आणि पात्रता हवी असेल त्याने कष्टाने व काटकसरीने ती मिळवावी. त्यांच्या भीतीला अनुभवाचाही आधार होता. १७९३ ची दहशत, म्हणजे क्रांतिकारी सरकारने विरोधकांचा चालवलेला शिरच्छेद, त्यांच्या पिढीने पाहिली होती आणि नेपोलियनने सार्वमत घेऊन हुकूमशाहीला लोकांची संमती कशी मिळवली तेही पाहिले होते.

ब्रिटनमध्ये १८३२ पूर्वी ओल्ड सारम या ओसाड टेकडीला दोन प्रतिनिधी होते आणि मँचेस्टरसारख्या गिरण्यांच्या शहराला एकही नव्हता. १८३२ च्या सुधारणा कायद्याने अशा ओसाड मतदारसंघांपैकी बरेचसे रद्द केले आणि शहरांत वर्षाला १० पौंड भाडेमूल्याचे घर असलेल्या पुरुषाला मत दिले. मतदार ‘पुरुष’ असला पाहिजे हे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिले गेले तेही याच वेळी. मध्यमवर्ग आत आला आणि दार पुन्हा लावून घेण्यात आले. ज्या कामगारांनी या सुधारणेसाठी मोर्चे काढले होते ते बाहेरच राहिले, आणि त्या निराशेतूनच १८३८ ची लोकांची सनद निघाली. तिच्यात सहा मागण्या होत्या : प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, उमेदवारासाठी मालमत्तेची अट रद्द, प्रतिनिधींना वेतन, समान मतदारसंघ आणि दरवर्षी निवडणूक. १८४२ मध्ये तीस लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत आला आणि संसदेने तो फेटाळला. सनदवाद्यांची चळवळ १८४८ नंतर विरली. पण दरवर्षी निवडणुकीची मागणी सोडली तर बाकीच्या पाचही पुढे कायद्यात आल्या. त्या त्यांच्या हयातीत मिळाल्या नाहीत, म्हणून या माणसांचे श्रेय कमी होत नाही. मताची मागणी मुळात संसदेबाहेरून आली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी मनात पक्की धरावी.

यानंतरचे वर्ष १८४८. पॅरिसमध्ये फेब्रुवारीत क्रांती झाली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका फर्मानाने प्रत्येक प्रौढ पुरुष मतदार झाला. अडीच लाखांची यादी एकदम नव्वद लाखांवर गेली. २३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, मतदान झाले. नॉर्मंडीतील आपल्या गावचा त्या दिवसाचा प्रसंग राजकीय विचारवंत आणि तिथले जमीनदार अलेक्सिस द टॉकव्हिल यांनी लिहून ठेवला आहे. चर्चसमोर गाव जमले, नावांच्या वर्णानुक्रमाने दोघादोघांची रांग झाली, आपले नाव जिथे येते तिथे टॉकव्हिलही उभे राहिले, आणि वृद्ध व आजारी माणसे घोड्यांवर किंवा गाड्यांत बसून मागून निघाली. मतदानाचे ठिकाण सुमारे कोसभर दूर होते. वाटेत टेकडीवर सगळे थांबले आणि त्यांनी टॉकव्हिल यांना दोन शब्द बोलायला सांगितले. बांधावर चढून त्यांनी सांगितले ते इतकेच : गावात गेल्यावर कोणाच्या नादी लागू नका, मत देऊन होईपर्यंत एकत्र राहा. सर्वांनी मत दिले आणि जवळजवळ सगळी मते एकाच उमेदवाराला पडली, असे त्यांनी नमूद केले आहे.

हा प्रसंग मी वर्गात नेहमी सावकाश वाचतो, कारण संक्रमणाच्या काळातील दोन्ही जगे त्यात एकत्र दिसतात. शेतकऱ्याला मत मिळाले आहे, तो अभिमानाने रांगेत चालतो आहे, आणि तरीही तो आपल्या गावच्या जमीनदार उमरावाबरोबर, गावाच्या नजरेसमोर मत देतो आहे. बंद पाकीट आणि आडोसा फ्रान्समध्ये १९१३ मध्ये आला. तोवर मतपत्रिका मतदार बाहेरून आणत असे आणि घडी घालून मतदान केंद्राच्या अध्यक्षाच्या हाती देत असे; कागदाच्या जाडीवरून आणि रंगावरून मत कोणाचे हे जाणत्याला ओळखता येई.

त्याच वर्षी १० डिसेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि पहिल्या नेपोलियनचा पुतण्या लुई नेपोलियन याला सुमारे चौऱ्याहत्तर टक्के मते मिळाली. फेब्रुवारी क्रांतीचा सर्वांत लाडका वक्ता, कवी लामार्तिन, याला वीस हजारही मिळाली नाहीत. घाबरलेल्या विधानसभेने मे १८५० मध्ये तीन वर्षांच्या वास्तव्याची अट घालून तीस लाखांच्या आसपास लोकांचे मत काढून घेतले. लुई नेपोलियनला आयतीच संधी मिळाली. २ डिसेंबर १८५१ रोजी त्याने विधानसभा मोडली, त्याच वेळी सार्वत्रिक मताधिकार परत दिला, आणि त्याच मतदारांकडून सत्तर लाखांहून अधिक मतांनी आपल्या कृत्यावर शिक्कामोर्तब करून घेतले. पुढच्या वर्षी तो सम्राट झाला. सर्वांना मत आणि वर सम्राट, असे राज्य युरोपने पाहिले. उदारमतवाद्यांच्या भीतीला त्यामुळे बळ मिळाले; पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे युरोपभरच्या सनातनी राजकारण्यांना एक नवे गणित सुचले. गरीब माणूस, विशेषतः खेड्यातला, क्रांतिकारक असेलच असे नाही. उदारमतवादी मध्यमवर्गाविरुद्ध त्याचा उपयोग करून घेता येतो.

१८६७ मध्ये हे गणित दोन ठिकाणी मांडले गेले. ब्रिटनमध्ये आदल्या वर्षी उदारमतवाद्यांचे माफक सुधारणा विधेयक रॉबर्ट लोव यांच्यासारख्या स्वपक्षीयांनीच पाडले होते. जुलै १८६६ मध्ये हाइड पार्कचे कठडे मोडून जमाव आत शिरला, आणि मे १८६७ मध्ये सरकारी बंदी मोडून तिथे प्रचंड सभा झाली. अशा वातावरणात हुजूर पक्षाच्या डिझरायली यांनी उदारमतवाद्यांचे नेते ग्लॅडस्टन यांना मागे टाकण्यासाठी मूळ विधेयकापेक्षा कितीतरी पुढे जाणाऱ्या दुरुस्त्या स्वीकारल्या. घरपट्टी स्वतः न भरता भाड्यातून मालकाकरवी भरणाऱ्या भाडेकरूंनाही मत देणारी हॉजकिन्सन यांची दुरुस्ती त्यांतलीच. मतदारांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. त्यानंतर लोव यांनीच बोलून दाखवले की, आता आपल्या या नव्या धन्यांना निदान अक्षरओळख तरी करून दिली पाहिजे. १८७० चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा याच वातावरणात झाला.

दुसरे ठिकाण जर्मनी. प्रशिया या सर्वांत मोठ्या जर्मन राज्याचे मुख्य मंत्री बिस्मार्क यांनी प्रशियाच्या नेतृत्वाखालील उत्तर जर्मन संघासाठी १८६७ मध्ये, आणि १८७१ मध्ये साम्राज्यासाठी, पंचविशीच्या वरच्या प्रत्येक पुरुषाला समान व गुप्त मत दिले. ब्रिटनला हा टप्पा गाठायला १९१८ उजाडले. पण याच बिस्मार्क यांच्या प्रशियात १८४९ पासून तीन वर्गांची पद्धत चालू होती आणि ती १९१८ पर्यंत टिकली. तिची मांडणी अशी होती : मतदारसंघात जमा होणारा एकूण प्रत्यक्ष कर तीन समान भागांत वाटायचा. सर्वांत मोठ्या करदात्यांपासून सुरुवात करून पहिला तृतीयांश कर जितक्यांनी भरला ते पहिल्या वर्गात, पुढचा तृतीयांश भरणारे दुसऱ्या वर्गात, उरलेले सर्व तिसऱ्यात. आणि तिन्ही वर्गांनी सारख्याच संख्येने निर्वाचक, म्हणजे पुढे प्रतिनिधी निवडणारे लोक, निवडायचे. १८४९ मध्ये पहिल्या वर्गात पाच टक्क्यांहून कमी मतदार होते आणि तिसऱ्यात ऐंशी टक्क्यांहून अधिक. मत तोंडी, सर्वांसमक्ष द्यायचे. एसेन शहराच्या नगरपालिकेत हीच पद्धत असताना पोलादाचा कारखानदार क्रुप काही काळ पहिल्या वर्गाचा एकमेव मतदार होता, म्हणजे एक तृतीयांश नगरसेवक तो एकटा निवडत असे.

साम्राज्याच्या पातळीवर लोकशाही मताधिकार, आणि साम्राज्याच्या दोन तृतीयांश प्रदेशावर पसरलेल्या प्रशियात तीन वर्गांची पद्धत, अशी ही जोडी होती. शिवाय सर्वांच्या मताने निवडलेल्या राइशस्टागला, म्हणजे साम्राज्याच्या संसदेला, कायदे आणि अंदाजपत्रक अडवता येत असे. मंत्रिमंडळ पाडता मात्र येत नसे, कारण चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, सम्राटाला जबाबदार होता. डिसेंबर १९१३ मध्ये अल्सेसमधील झाबर्न गावी लष्कराने नागरिकांना बेकायदा डांबून ठेवल्याच्या प्रकरणावर राइशस्टागने चॅन्सेलर बेथमान होल्वेग यांच्याविरुद्ध २९३ विरुद्ध ५४ असा निषेधाचा ठराव केला, आणि चॅन्सेलर खुर्चीवर तसेच बसून राहिले. लंडनमध्ये अशा मतदानानंतर सरकारला दुसऱ्या दिवशीचा कारभार चालवता आला नसता. ब्रिटनमध्ये मतदार थोडे असतानाच सरकार संसदेला जबाबदार झाले होते. नंतर जो जो वर्ग आत आला त्याच्या हाती खरी सत्ता पडली. जर्मनीत मत आधी आले आणि जबाबदार सरकार ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध हरत असताना आले. उत्तरपत्रिकेत एकच तुलना करायची असेल तर ती ही करावी, असा माझा आग्रह असतो.

मत मिळणे आणि ते निर्भयपणे देता येणे यांत बरेच अंतर असते. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मतदार व्यासपीठावर उभा राहून उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगत असे आणि ते वहीत नोंदले जाई. घरमालक, कारखानदार, गिऱ्हाईक सगळे खाली उभे. गुप्त मतदानाचा कायदा झाल्यावर त्याची पहिली पोटनिवडणूक ऑगस्ट १८७२ मध्ये यॉर्कशरमधील पाँटिफ्रॅक्ट येथे झाली. त्या गावी ज्येष्ठमधाच्या वड्या बनत, आणि मतपेटीवरच्या लाखेवर त्याच वड्यांच्या कारखान्याचा शिक्का उठवला होता. ती पेटी आजही तिथल्या संग्रहालयात आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांच्यासारखा थोर उदारमतवादी गुप्त मतदानाच्या विरोधात होता, हे ऐकून विद्यार्थी चकित होतात. मत ही समाजाने सोपवलेली ठेव आहे, तेव्हा ती उघडपणे वापरावी, असे त्यांचे म्हणणे होते. सुशिक्षितांना एकापेक्षा अधिक मते असावीत हेही त्यांनीच सुचवले. आणि १८६७ मध्ये स्त्रियांना मत देण्याची दुरुस्ती संसदेत मांडून ७३ मते मिळवणारेही तेच. उदारमतवादातला हा ताण एकाच माणसात इतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

१८८३ च्या कायद्याने निवडणूक खर्चावर मर्यादा घातली, १८८४ च्या कायद्याने खेड्यांतील घरधन्यांना मत मिळाले, आणि साधारण साठ टक्के प्रौढ पुरुष मतदार झाले. पुढच्या वर्षी मतदारसंघ नव्याने आखले गेले. त्यांतल्याच लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे एकेकाळचे प्राध्यापक दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये अवघ्या पाच मतांच्या फरकाने संसदेत गेले.

मतदार लाखांनी वाढले तसे राजकारण करण्याची रीतच बदलली. पूर्वीचा खासदार गावातील चार प्रतिष्ठितांना भेटून निवडून येई. १८६७ च्या कायद्याने बर्मिंगहॅमला तिसरी जागा मिळाली, पण अल्पमतातील पक्षालाही एखादी मिळावी म्हणून प्रत्येक मतदाराला दोनच मते ठेवली होती. तिथल्या उदारमतवाद्यांनी वॉर्डावॉर्डांत समित्या नेमल्या, कोणत्या वॉर्डाने कोणत्या दोघांना मत द्यायचे हे ठरवून दिले, आणि १८६८ मध्ये तिन्ही जागा जिंकल्या. बर्मिंगहॅमचे उदारमतवादी नेते जोसेफ चेंबरलेन यांनी या यंत्रणेचे १८७७ मध्ये राष्ट्रीय महासंघात रूपांतर केले. शाखा, वर्गणी, पगारी चिटणीस आणि मतदारयाद्या असलेला आधुनिक पक्ष इथून घडत गेला. स्वतंत्र विवेकाने मत देणारा नागरिक ही उदारमतवादाची मूळ कल्पना होती. तिला पहिला धक्का उदारमतवाद्यांच्याच यशस्वी संघटनेने दिला. जर्मन समाजवादी पक्षाने हे तंत्र पूर्णत्वाला नेले. १८७८ ते १८९० या बारा वर्षांत त्याच्यावर कायद्याने बंधने होती, तरी १९१२ मध्ये त्याला ३४.८ टक्के मते आणि ३९७ पैकी ११० जागा मिळाल्या. त्याचे वाचनालय, गायनमंडळ, व्यायामशाळा, पतपेढी अशा जाळ्यात कामगाराचे सारे आयुष्य सामावत असे.

राज्याचे कामही पालटले. मतदाराला मतापलीकडे काही हवे होते. बिस्मार्क यांनी समाजवाद्यांची धार बोथट करण्यासाठी १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये वार्धक्याचा विमा आणला. ब्रिटनमध्ये उदारमतवादी अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी १९०९ च्या अंदाजपत्रकात श्रीमंतांवर आणि जमिनीवर कर बसवले, उमरावांच्या सभागृहाने ते फेटाळले, आणि दोन निवडणुकांनंतर १९११ च्या कायद्याने त्या सभागृहाचा आर्थिक विधेयकांवरचा नकाराधिकारच गेला. त्याच वर्षी खासदारांना ४०० पौंड वार्षिक वेतन सुरू झाले. सनदवाद्यांची आणखी एक मागणी पुरी झाली.

इतर देशांबद्दल थोडक्यात. बेल्जियमच्या कामगारांनी १८९३ मध्ये सार्वत्रिक संप करून मत मिळवले. मतदार दसपट झाले, पण मालमत्ता किंवा शिक्षण असलेल्यांना दोन वा तीन मते ठेवली गेली आणि समान मत १९१९ पर्यंत लांबले. इटलीत १८६१ मध्ये लोकसंख्येच्या दोन टक्क्यांहून कमी लोक मतदार होते. १९१२ मध्ये पंतप्रधान जिओलित्ती यांनी ही संख्या तेहतीस लाखांवरून शहाऐंशी लाखांवर नेली, तीही पक्षसंघटना नीट उभ्या राहण्याआधीच. फिनलंडने १९०६ मध्ये स्त्री-पुरुष दोघांनाही मत दिले आणि पुढच्या वर्षी तिथे १९ स्त्रिया निवडून आल्या.

बाकीचे काम महायुद्धाने केले. सक्तीने खंदकात पाठवलेल्या माणसाला मत नाकारणे अशक्य झाले. १९१८ च्या कायद्याने ब्रिटनचे मतदार सत्त्याहत्तर लाखांवरून दोन कोटी चौदा लाखांवर गेले. त्यांत तिशीवरील सुमारे चौऱ्याऐंशी लाख स्त्रिया होत्या, आणि वयाची समानता १९२८ मध्ये आली. फ्रान्समध्ये मात्र प्रतिनिधीगृहाने १९१९ मध्ये मंजूर केलेले स्त्रीमताधिकाराचे विधेयक सिनेटने १९२२ मध्ये पाडले. स्त्रिया धर्मगुरूंच्या सांगण्यावरून मत देतील, असे प्रजासत्ताकवाद्यांचे म्हणणे होते. शेतकऱ्याबद्दल, कामगाराबद्दल केलेला ‘अजून स्वतंत्र बुद्धीचे नाहीत’ हाच युक्तिवाद शंभर वर्षांनी स्त्रियांबद्दल पुन्हा केला गेला. फ्रेंच स्त्रियांना १९४५ पर्यंत थांबावे लागले. वसाहतींतही ब्रिटिशांनी मालमत्तेची आणि शिक्षणाची तीच कसोटी लावली. १९१९ मध्ये भारतातील मताधिकार ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले की, ज्यांना मालमत्ता आणि शिक्षण मिळूच दिले गेले नाही त्यांना या कसोटीने कायमचे बाहेर ठेवले जाते. आणि १९२९ मध्ये सायमन कमिशनला साहाय्य करणाऱ्या मुंबई प्रांताच्या समितीपासून वेगळा अहवाल देऊन त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. गिझो यांच्या युक्तिवादाला दिलेले इतके नेमके उत्तर मला युरोपातही फारसे सापडलेले नाही.

तुमच्या प्रश्नातून ओघाने येणारी एक गोष्ट उरली : उदारमतवाद्यांचे पुढे काय झाले. १९०६ मध्ये प्रचंड बहुमत मिळवणारा ब्रिटनचा उदारमतवादी पक्ष १९२४ मध्ये ४० जागांवर आला आणि त्याची जागा मजूर पक्षाने घेतली. तिथे पक्ष मागे पडला, पण त्याने घडवलेल्या संस्था दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी सांभाळल्या. इटलीत १९१९ च्या निवडणुकीत समाजवाद्यांना १५६ आणि कॅथलिक लोकपक्षाला १०० जागा मिळाल्या, जुन्या उदारमतवादी गटांना स्थिर सरकार बनवता येईना, आणि १९२२ मध्ये राजाने मुसोलिनीला बोलावले. जर्मनीतील उदारमतवाद्यांच्या जर्मन लोकशाहीवादी पक्षाची मते १९१९ मध्ये साडेअठरा टक्के होती. जुलै १९३२ मध्ये ती एक टक्क्यावर आली, आणि त्याच निवडणुकीत नाझी पक्ष ३७.३ टक्के मतांसह सर्वांत मोठा ठरला. म्हणूनच १९४९ ची पश्चिम जर्मनीची राज्यघटना लिहिणाऱ्यांनी मताधिकार तसाच ठेवून त्याभोवती उदारमतवादी कुंपण जाणीवपूर्वक पुन्हा घातले : मानवी प्रतिष्ठेचे आणि लोकशाही संघराज्याचे मूळ तत्त्व कोणत्याही बहुमताला बदलता येणार नाही, पर्यायी चॅन्सेलर निवडल्याशिवाय संसदेला विद्यमान चॅन्सेलर हटवता येणार नाही, आणि कायदे घटनेला धरून आहेत की नाहीत हे १९५१ मध्ये सुरू झालेले घटना न्यायालय ठरवील.